नळीच्या बाजूने

पैता, २ मे २००१

लाडक्या यानी,

आपल्या चर्चमधल्या मर्सेडेस माऊलीची सावली तुझ्यावर असो. बसवाल्याकडे दिलेला खोका मिळाला असेल. त्यात केळ्याचे तळलेले काप, खारवलेला मासा आणि बाटलीत आल्गारोबाच्या शेंगांची काकवी आहे. बुचावर मेण दिसेल ते माऊलीपुढच्या मेणबत्तीचं आहे, ते टाकू नकोस. खोका आणि बाटली मात्र परत पाठव. लिमात राहायला गेलीस म्हणून बाटल्या काही झाडाला लागत नाहीत.

तुझी पत्रं रविवारी मिस्सा झाल्यावर तुझ्या आईला वाचून दाखवते. ती येते आणि दारातच बसते. हात लिंबाने घासलेले असतात, तरी मासळीच्या कारखान्यातल्या माकुलाचा वास जात नाही म्हणे. मी म्हणते, "कोमाद्रे, आत ये की. तुझ्या लेकीला बाप्तिस्म्याला धर्ममाता म्हणून मी हातावर घेतलं तेव्हापासून हा वास माझ्या घरात आहे." ती म्हणते, "तू वाच आधी." आणि मधेच थांबवून एखादी ओळ दोनदा वाचायला लावते. स्वतःला वाचता येत नाही, पण कुठली ओळ दोनदा ऐकायची ते तिला बरोबर कळतं.

कारखान्यातल्या बायका तिला चिडवतात. "दोमितिला, तुझी यानिना सुट्टीत इथेच तुझ्या शेजारी उभी राहून माकूल कापायची. आता तेच माकूल शिकायला लिमाला गेली होय?" तुझी आई म्हणते, "इथे नुसती कापत होती. तिथे त्याची ओळख करून घेते."

तुझे रबरी बूट तिने बाजाराला मासळी पुरवणाऱ्या बोटवाल्या सेफेरिनोच्या मुलीला देऊन टाकले. मी म्हटलं, "राहू दे, न जाणो लागतील." तर म्हणाली, "म्हणूनच दिले." पास होत राहशील तोवरच विद्यापीठाची खानावळ तुला फुकट आहे, आणि खानावळ गेली तर तुला लिमात ठेवणं आमच्यापैकी कुणालाच झेपणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक आहे. मग तू परत कारखान्यात, तिच्या शेजारी. तरी बूट दिले.

तेव्हा अभ्यास कर. माकुलाचं जे शिकशील ते आम्हालाही लिही, पण सोपं करून. मी शाळा पुरी केली हे खरं, पण सिस्टरांनी आम्हाला प्राणी बेडकापर्यंतच शिकवले. पुढचे बहुधा त्यांना पसंत नव्हते.

कागदाच्या दोन्ही बाजूंनी लिहीत जा.

तुझी मद्रीना,
एर्मेलिंदा


लिमा, २० मे २००१

मद्रीना,

आशीर्वाद द्या. खोका मिळाला. काप खोलीतल्या मुलींनी बघता बघता संपवले. काकवी मी कपड्यांखाली ठेवली आहे.

आता माकूल. आईला सांगा, ते शिंपल्याच्या आणि गोगलगायीच्या भावकीतलं आहे. सगळ्यांचा संघ एकच, मृदुकाय, म्हणजे मऊ अंगाचे. शिंपल्याने घर बाहेर बांधलं. माकुलाला पोहायचं होतं, म्हणून त्याने घर मोडलं आणि त्यातली एक पट्टी तेवढी अंगात ठेवली. आई सुरीच्या टोकाने जी काचेसारखी पट्टी उडवते ना, तीच. तिला इथे लेखणी म्हणतात. ज्याला आपण नळा म्हणतो आणि गोठवून परदेशी पाठवतो, तो त्याचा जाड मांसाचा अंगरखा. त्याला प्रावार म्हणतात. वर्गाचं नाव शीर्षपाद, कारण पाय थेट डोक्यालाच. आठ हात, आणि दोन लांब सोंडा, त्या ते भक्ष्यावर फेकतं. डोक्याखाली नळी असते. तिच्यातून पाणी जोरात सोडलं की ते उलट्या दिशेने सुटतं. नळीची बाजू ती पोटाची, लेखणीची बाजू ती पाठीची.

काळजं तीन. दोन कल्ल्यांपाशी, एकेका कल्ल्याला एकेक, आणि तिसरं मधे, बाकी सगळ्या अंगासाठी. रक्त निळसर. आणि त्याची अन्ननळी मेंदूच्या मधून जाते, म्हणून फार मोठा घास घेतला तर मेंदूलाच लागायचा. आईला सांगा, लहानपणी हळू खा म्हणून ती माझ्यामागे लागायची त्याला शास्त्राचा आधार आहे.

हॉटेलात मिळतं ते लहान, महागडं माकूल आणि आपलं मोठं माकूल, दोघं एकाच वर्गातली, पण गण वेगळे. लहानाच्या डोळ्यावर पातळ पडदा असतो. आपल्याच्या डोळ्याला पडदा नाही, समुद्राचं पाणी थेट डोळ्याला लागतं. दोघांची ओळख डोळ्यावरून.

गुरुवारी प्रात्यक्षिक परीक्षा झाली. प्रत्येकापुढे परातीत एक अख्खं माकूल, ते उघडून दाखवायचं. सगळ्यात आधी माझं संपलं. सगळे हातातलं काम सोडून माझ्याकडे बघत होते. प्रोफेसर उगास माझ्या परातीपाशी बराच वेळ उभे राहिले.

आईचे हात कसे आहेत? थंड पाण्याने बोटं सुजतात का अजून?

तुमची यानी


पैता, ३ जून २००१

लाडक्या यानी,

"सगळ्यात आधी माझं संपलं" ही ओळ तुझ्या आईने किती वेळा वाचायला लावली ते सांगत नाही. शेवटी मी म्हटलं, "कोमाद्रे, कागदाला भोक पडेल." दुसऱ्या दिवशी तिने कारखान्यात गोड पाव वाटले. प्रोफेसर उभे राहून बघत होते, हेही तिने सांगितलं, आणि सांगताना ते प्रोफेसर किती उंच होते तेही सांगितलं, जे तू लिहिलेलंच नव्हतं.

मी तर बाजारात गेले. तो वरच्या आळीतला मासेवाला मोठं माकूल कापून लहान माकुलाच्या चकत्या म्हणून विकतो ना, त्याला म्हटलं, "डोळा दाखव."

तो म्हणाला, "सेन्योरा, मासा घेताय का सोयरीक जमवताय?"

"डोळ्यावर पडदा असेल तरच लहान जात. माझी धर्मकन्या लिमात शिकते."

"डोळा असलेलं माकूल इतक्या स्वस्तात मिळतं होय कुठे? डोळे काढून टाकतो म्हणून तर परवडतं," म्हणाला. मी काही घेतलं नाही. घरी डाळ होतीच.

तीन काळजांचं पाद्रीबाबांना सांगितलं. ते म्हणाले, परमेश्वराला एकाने भागलं नसेल तर त्याचं काही कारण असेल. मला हे उत्तर पुरलं नाही, पण ते जेवायला निघाले होते.

आता मुख्य गोष्ट. महिनाअखेरीस संत पेद्रोचा सण. मूर्ती होडीतून निघते, सगळं गाव धक्क्यावर असतं. त्या सकाळची मिस्सा मी तुझ्या नावाने आभाराची म्हणून ठरवली आहे. तुझ्या आईची इच्छा आहे की पाद्रीबाबांनी वेदीवरून तुझं नाव घ्यावं. माकुलाच्या परीक्षेत पहिली आलेली, असं. मी होय म्हटलंय.

बाटली अजून आली नाही.

तुझी मद्रीना,
एर्मेलिंदा


लिमा, ७ जून २००१

मद्रीना,

हा पहिला कागद आईला वाचून दाखवा. मी बरी आहे. इथे सूर्य महिनाभर दिसलेला नाही, सगळं धुक्यात, पण सर्दी झालेली नाही. बाटली बसवाल्याकडे दिली आहे. वेदीवरून माझं नाव मात्र घेऊ नये, मी पहिली आले असं लिहिलेलं नाही, नुसतं आधी संपलं एवढंच लिहिलं होतं. आईला माझा मुका.

*

हा दुसरा कागद तुमच्यासाठी. आईला वाचू नका.

मी नापास झाले, मद्रीना.

माकूल नळीच्या बाजूने उघडायचं असतं, पोटाकडून. अंगरखा हळू बाजूला करायचा आणि आतलं सगळं जागच्या जागी ठेवायचं. मग एकेका अवयवाला टाचणीने नंबरचा कागदी झेंडा लावायचा. मला हे सगळं पाठ होतं. वहीत चित्रं होती. पण माकूल समोर आलं, सुरी हातात आली, आणि हात आपला आपणच चालला. पाठीवरून एक रेघ, टोकाने पट्टी उडवली, डाव्या हाताचा एक झटका, आणि सगळं आत होतं ते बाहेर. कारखान्यात जसं करतो तसं. परातीत स्वच्छ पांढरा नळा, निर्यातीला जावा असा. शेजारी फुटलेल्या शाईत सगळ्याचा एक गोळा. झेंडे लावायला काही उरलंच नाही.

प्रोफेसर उगास उभे राहिले ते म्हणून. रागावले नाहीत. म्हणाले, "इतकं सफाईदार काम मी पाहिलेलं नाही. पण मुली, आता ह्यात मी तपासू काय?" मग विचारलं, "कुठे शिकलीस हे?" मी म्हटलं, "घरी." कारखान्याचं नाव काढलं नाही. इथे कुणालाच सांगितलेलं नाही.

ऑगस्टमध्ये पुन्हा संधी आहे. तेव्हाही गेलं तर खानावळीचं कार्ड परत द्यावं लागेल. सराव करावा तर इथल्या बाजारात अख्खं माकूल येतच नाही. बाजाराचं माकूल बोटीवरच पोट काढून येतं, तुम्हाला माहीतच आहे, अख्खं जातं ते फक्त कारखान्यात, आणि तिथलं मोजून घेतात. परीक्षेपुरती मोजकी तेवढी विद्यापीठ मागवतं. मी रोज डोळे मिटून हाताला समजावते, आणि हात ऐकत नाही.

तो झटका आईने माझ्या हातावर हात ठेवून शिकवला. मी सगळ्या पोरींत लवकर शिकले म्हणून तिला काय आनंद झाला होता. आता तिला कसं सांगू की त्याच हाताने मला पाडलं? तुम्ही सांगू नका. माऊलीची शपथ.

यानी


पैता, १ जुलै २००१

यानी बाळ,

शपथ घालायच्या आधी मला विचारायचं होतंस. मी ती पाळू शकले नाही. कसं ते ऐक.

पहिला कागद वाचला आणि पत्राची घडी घातली. तुझी आई म्हणाली, "झालं?"

मी म्हटलं, "झालं."

"लिफाफा तर जाड होता."

"अक्षर मोठं काढलंय."

"एर्मेलिंदा, तुझ्या मांडीवर दोन कागद आहेत. तू एकच उलटलास."

माऊलीची तसबीर समोर होती. तिच्यादेखत मी दोनदा खोटं बोलून चुकले होते, तिसऱ्यांदा जमलं नाही. वाचलं. "त्याच हाताने" तिथे आले तेव्हा मी जरा खाकरले, वाटलं ती ओळ निसटेल. तिने तीच दोनदा वाचायला लावली. मग उठली आणि गेली. चहा तसाच राहिला, मी तो दुपारी गरम करून घेतला. पुढच्या रविवारी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. कारखान्यात विचारलं तर बायका म्हणाल्या, कामावर असते, बोलत नाही, आणि पूर्वीपेक्षाही भराभर कापते.

मिस्सा ठरलेली होती. ठरलेली मिस्सा मोडणं मला बरं वाटेना, म्हणून पाद्रीबाबांना सांगून आभाराऐवजी विनंतीची करून घेतली. नाव वेदीवरून घेतलं नाही. संत पेद्रोला मी ओरडून सांगितलं, होडीत बसलेला असला तरी त्याला ऐकू जावं म्हणून.

तर सणाच्या आदल्या दिवशी तुझी आई धक्क्यावर गेली आणि सेफेरिनोला म्हणाली, "मला लहान बघून अख्खी माकुलं दे. पोट न काढलेली."

सेफेरिनो म्हणाला, "आतड्यांसकट? बाई, तेवढ्या जागेत मी मांस आणतो. बर्फ काय आतड्यांना खाऊ घालू?"

"तुझ्या मुलीच्या पायातले बूट कुणाचे आहेत रे?"

तीन अख्खी मिळाली. ती घेऊन माझ्याकडे आली आणि ओट्यापाशी उभी राहिली. म्हणाली, "नळीच्या बाजूने म्हणजे कसं ते वाच." मी तुझं पत्र काढलं. पण माझं "नळी" म्हणून होईतो तिची रेघ मारून झाली होती, पाठीवरून, आणि झटकाही. ती त्या पांढऱ्या नळ्याकडे बघत राहिली. मग हसायला लागली. म्हणाली, "बघ. माझंही ऐकत नाही. त्या पोरीचं कसं ऐकेल?" मीही हसले. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं, तेव्हा मी कांदा चिरायला घेतला, म्हणजे दोघींचं एक झालं.

दुसरं माकूल तिने कापलं नाही. नुसतं मांडून बघितलं. उजवीकडे डोकं, डावीकडे डोकं. सुरी ठेवली, परत घेतली. शेवटी परातच फिरवली. डोकं आपल्या पोटाकडे, शेपूट समोर, नळी वर. आणि हात तसाच अधांतरी राहिला. म्हणाली, "आता त्याला कळत नाहीये कुठून सुरू करायचं. कळत नाही तोवर हळूच चालेल. यानीला लिही, परात फिरव. आणि सुरी घेऊ नकोस, कात्री घे. कात्रीने आपण कधी कापलेलं नाही."

मी म्हटलं, "मग काप की. बघू तरी." तर म्हणाली, "नको. ही दोन यानीची."

ती दोन ह्या खोक्यात आहेत, बर्फ आणि लाकडाच्या भुशात. बसच्या कचेरीतल्या माणसाने विचारलं, आत काय आहे. तुझी आई म्हणाली, "पुस्तकं." त्याने वास घेतला आणि म्हणाला, "वाचून झालेली दिसतात."

ही भीती सोड. परमेश्वराने हात दिला आहे, तो वळायलाही शिकेल.

तुझी मद्रीना,
एर्मेलिंदा


लिमा, १५ जुलै २००१

मद्रीना,

खोका आला. शाई गळून भुसा काळा झाला होता, पण आतली दोन्ही चांगली होती. वसतिगृहात कपडे धुवायचा दगड आहे, त्यावर मांडलं. वास सगळ्या जिन्यात गेला. मुली नाक धरून आल्या. "हे काय करतेस तू?" सांगावंच लागलं. कारखाना, रबरी बूट, थंड पाणी, सगळं. खोलीतली एक म्हणाली, "मग आम्हाला आधी का नाही सांगितलंस? आम्ही चाकू धरायला घाबरतो, तुझ्याकडून शिकलो असतो."

परात फिरवली. डोकं माझ्याकडे, नळी वर. हात खरंच थांबला, मद्रीना. अनोळखी दारात उभं राहावं तसा. कात्रीचं टोक वर उचलून हळू हळू गेले. पहिल्याची शाईची पिशवी फुटली, पण कल्ले दिसले. दुसऱ्याचं काही फुटलं नाही.

नऊ ऑगस्टला परीक्षा आहे. तेव्हा हात माझा राहील का जुना होईल, सांगता येत नाही. रात्री स्वप्नात सुद्धा परात फिरवते.

आईला विचारा, ती माझ्यावर रागावली आहे का.

यानी


पैता, २५ जुलै २००१

यानी बाळ,

विचारलं. दारातच बसली होती. म्हणाली, "राग कसला? बाकी सगळं कळलं. दुसरा कागद माझ्यापासून लपवला का, तेवढं कळलं नाही. ते तिला लिहायला सांग."

ह्याचं उत्तर मी माझ्या मनाने देऊ शकले असते, पण दिलं नाही. तूच दे.

सोबत माऊलीच्या पायाशी ठेवलेला फुलाचा कागदी बिल्ला आहे. कात्री ठेवशील त्याच खिशात ठेव.

एर्मेलिंदा


लिमा, ११ ऑगस्ट २००१

मद्रीना,

हे सगळं पत्र आईला वाचून दाखवा. कागद तीन आहेत. तिला मोजून दाखवा.

आई, कागद लपवला कारण मला वाटलं तू माझा हात परत मागशील. म्हणजे तुला वाटेल की तू मला चुकीचं शिकवलंस, आणि पुढे काही शिकवायला तू कचरशील. आणि दुसरं खरं कारण असं की लिमात मी कारखाना लपवत होते आणि तुझ्यापासून नापास होणं, आणि दोन्हीमागे लाज एकच होती, हे मला दगडावर माकूल मांडल्यावर कळलं. आता कुणापासूनच काही लपवत नाही.

आता परीक्षा. परात समोर आली ती डोकं उजवीकडे करून. माझा हात लगेच उठला. मी तो मांडीखाली दाबून बसले. मग उठले आणि परात फिरवली. प्रोफेसर उगास बघत होते.

"परात का फिरवलीस?"

"सर, माझी आई पैतात माकूल कापते. मीही कापायचे. हात पळू नये म्हणून तिने असं मांडायला सांगितलंय."

ते म्हणाले, "मागच्या वेळी तू 'घरी' म्हणाली होतीस."

"घरीच, सर."

ते पुढे गेले. मी नळीच्या काठाला कात्री लावली आणि टोक वर उचलून सरळ शेपटीपर्यंत गेले. अंगरखा दोन्हीकडे आपोआप पडला. आत सगळं जागच्या जागी. दोन कल्ले, पिसांसारखे. त्यांच्या बुडाशी दोन लहान काळजं, आणि मधे तिसरं. शाईची पिशवी चंदेरी, कुठे टोकही लागलेलं नाही. झेंडे लावत गेले. सरांनी परत येऊन विचारलं, नर का मादी? मादी. कशावरून? आतल्या पांढऱ्या ग्रंथींवरून, अंड्यांवर वेष्टण चढवणाऱ्या. गण कुठला? उघड्या डोळ्याचा. डोळ्याला बोट लावून दाखवलं, पडदा नाही.

लाळेच्या ग्रंथी सापडल्या नाहीत, त्याचे गुण गेले. बाकी सगळं मिळालं. पास झाले. खानावळीचं कार्ड माझ्याकडेच आहे.

सगळ्यात शेवटी माझं संपलं. बाकीचे हात धुऊन निघून गेले होते. प्रोफेसर दिवा बंद करायला थांबले होते. जाताना म्हणाले, "आईला माझा नमस्कार कळव." तर आई, प्रोफेसर उगासांचा तुला नमस्कार. उंच नाहीत ते. माझ्याएवढेच आहेत.

तुमची दोघींची,
यानी


पैता, २० ऑगस्ट २००१

लाडक्या यानी,

माऊलीचे उपकार. तिन्ही कागद मोजून दाखवले आणि तिन्ही वाचले. तुझ्या आईने "सगळ्यात शेवटी माझं संपलं" ही ओळ दोनदा ऐकली. प्रोफेसर उंच नाहीत हे ऐकून मात्र तिने मान हलवली. तिला ते पटलेलं नाही. मग उठून गेली. मला वाटलं, झालं, पुन्हा दोन रविवार दिसायची नाही.

तर संध्याकाळी आली. हातात ओल्या फडक्यात बांधलेलं एक अख्खं माकूल. सेफेरिनो आता बर्फाबद्दल बोलत नाही म्हणे, त्याच्या मुलीला बूट अजून होतायत. आणि काय सांगू, दारात बसली नाही. सरळ आत आली, माझ्या जेवायच्या टेबलावर परात ठेवली, डोकं आपल्याकडे, नळी वर. म्हणाली, "तुझी ती लहान कात्री दे."

माऊलीच्या मूर्तीच्या झग्याचे दोरे कापायची कात्री ती. मी कधी कुणाला दिलेली नाही. दिली.

"आता वाच. परीक्षेचं नको. आधीचं, ओळख करून दिलेलं."

मी तुझं मे महिन्यातलं पत्र काढलं आणि वाचत गेले, आणि ती कापत गेली. इतकी हळू की मला दोनदा चष्मा पुसता आला. मी म्हणायची "कल्ले", आणि ती कात्रीच्या टोकाने दाखवायची, "हे?" "हेच असणार." "पिसासारखे आहेत खरे." एका कल्ल्याच्या बुडाशी एक. दुसऱ्याच्या बुडाशी दुसरं. मग मधलं. मधलं सापडल्यावर तिने कात्री ठेवली आणि नुसती बघत बसली. कारखान्यात इतकी वर्षं उभी राहिलेली बाई, जन्मात पहिल्यांदा माकूल बघतेय असं.

म्हणाली, "एर्मेलिंदा, रोज ह्या हाताने ही काळजं मी बाहेर ओढते. एकदाही भेट झाली नाही."

मी म्हटलं, "आता झाली."

देवाच्या देण्यातलं काही वाया घालवायचं नसतं, म्हणून अंगरख्याच्या फोडी लिंबात मुरवून सेविचे केलं, रताळ्याबरोबर. चांगलं झालं होतं. सावकाश खाल्लं, तुझ्या पत्राचा मान ठेवून. उरलेलं मांजरासाठी मी बशीत घेत होते, तर तिने ती तीन काळजं बशीतून उचलून घेतली, फडक्याच्या कोपऱ्यात बांधली आणि खाली धक्क्यावर गेली. बऱ्याच वेळाने परतली. फडकं समुद्राच्या पाण्यात धुतलेलं, रिकामं.

"कुणाला सांगू नकोस," म्हणाली. "वेडी म्हणतील."

म्हणून फक्त तुला लिहिते. बाटली मागेच पोचली होती, लिहायचं राहिलं. कात्री मी लिंबाने घासली आहे, तरी थोडा वास राहिला आहे. माऊलीची हरकत नसावी. धक्क्याचं लिहिलेला हा दुसरा कागद मी वेगळा घातला आहे. तो तू एकटीने वाच, आणि तिने विचारलं तर सांग, पत्र एकाच कागदाचं होतं.

तुझी मद्रीना,
एर्मेलिंदा